चौसष्ट क्रेडिट

१२ जून २०२३, सोमवार

ही वही शंतनूने आणून दिली. "शिकायला लागलीस की लिहीत जा," म्हणाला. रोज जमणार नाही, हे मी तेव्हाच सांगून टाकलं.

आज कम्युनिटी कॉलेजच्या ॲडव्हायझरना भेटले. मिसेस ऑर्टेगा. माझ्याच वयाच्या असतील, सेहेचाळीस-सत्तेचाळीस. मी एका दमात सगळं सांगितलं. नागपूरला बी.ए.ची दोन वर्षं झाली, मग लग्न झालं, तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. कॉलेजात एकांकिका केल्या, इथे अमेरिकेत चँडलरला आल्यावर गणपतीत मंडळाची नाटकं बसवली. आता मला नाटकाची पदवी हवी आहे. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता एक कोरा कागद पुढे ओढला.

हिशोब असा: दोन वर्षं इथे, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर, थेट तिसऱ्या वर्षाला. एकूण चौसष्ट क्रेडिट लागतात. नागपूरचे अठरा धरतील. उरलेल्यांत अभिनय, स्टेजक्राफ्ट, संहितेचा अभ्यास, शिवाय इंग्रजी, एक विज्ञान आणि गणित. गणित ऐकून माझा चेहरा पडला. "चुकीचा एक कोर्स घेतलात तर अख्खं सेमिस्टर वाया जातं," त्या म्हणाल्या. "आधी प्लॅन करा, मग रजिस्टर करा."

घरी येऊन शंतनूला सांगितलं. "चौसष्ट! म्हणजे चौसष्ट कलाच की," म्हणाला आणि लगेच लॅपटॉप उघडून चार सेमिस्टरचा रंगीत तक्ता करायला बसला. पंचवीस वर्षं चिपची डिझाइनं तपासलेला माणूस. त्याच्या तक्त्यात चूक सापडायची नाही.

एक गोष्ट मात्र खुपते. महिनाभर तोच मागे लागला होता. "जा, फॉर्म भर, माझ्यासाठी थांबू नकोस." इतकी वर्षं मी विषय काढला की "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारा हाच. आमची लेक आन्या नोकरीसाठी सिॲटलला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी त्याच्या फार पायात येत असेन, दुसरं काय.

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार

पहिला वर्ग. अभिनय, भाग एक. सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुलं. दारातच एका मुलीने मला विचारलं, "आर यू द प्रोफेसर?" मी म्हटलं, नाही गं, मी तुझ्याच रांगेत.

जमिनीवर आडवं पडून नुसता श्वास ऐकायचा होता. गुडघे कुरकुरले. पण डोळे मिटल्यावर नागपूरच्या धनवटे सभागृहाच्या विंगेतला धुळीचा वास आला, खरंच आला. बाहेर पडले तेव्हा पार्किंग लॉटमध्ये एकशे आठ डिग्री फॅरनहाइट होतं आणि मी हसत होते.

शंतनू न्यायला आला होता. सगळं ऐकून घेतलं. एकदाही फोनकडे पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर २०२३, मंगळवार

गणितावरून भांडण. टक्केवारीचं उदाहरण अडलं म्हणून वही त्याच्यापुढे केली. पाच मिनिटं नुसता बघत बसला. मग वही सरकवली. "तुझा अभ्यास आहे, तूच कर."

सातवीतलं गणित, यार! आन्याचं कॅल्क्युलस हा माणूस पोळी खाता खाता तोंडी करायचा. बायकोसाठी पाच मिनिटं नाहीत. सीमाकडे, म्हणजे शेजारी, जाऊन तिच्याकडून समजून घेतलं.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

रजिस्ट्रेशनला सिस्टीम मला पुढे जाऊ देईना. तक्ता पाहिला तर स्टेजक्राफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही सेमिस्टरमध्ये. संहितेचा अभ्यास, जो याच सेमिस्टरला घ्यायला हवा, कुठेच नाही. तो कोर्स वर्षातून एकदाच असतो, आणि आता भरला होता. मिसेस ऑर्टेगांना ईमेल केलं, गयावया केल्या, तेव्हा कुठे एक जागा मिळाली.

शंतनूला म्हटलं, "तुला माझं शिकणं पोरखेळ वाटतो. ऑफिसच्या कामात अशी चूक केली असतीस का?"

तो म्हणाला, "सॉरी, नीलू." एवढंच. भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं. आता तक्ता मी माझ्या हाताने कागदावर काढलाय.

२७ मार्च २०२४, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. स्टेजक्राफ्टमध्ये करवत चालवायला शिकले. दर आठवड्याला चार तास सेटच्या कामाचे भरावे लागतात. हाताला घट्टे पडले, आणि ते मी सगळ्यांना दाखवत सुटले आहे.

शंतनूला ऑफिसने दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकलंय. डॉक्युमेंटेशन. घरूनच करतो. "हलकं काम आहे, बरं आहे," म्हणतो. मला डबा भरून देतो. काल डब्यात दोन्ही कप्प्यांत भातच होता. माझ्या गडबडीची थट्टा करतोय, असं वाटून मी हसले. तोही हसला, पण थोडा उशिरा.

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

आज आमचा प्रयोग होता. माझी घरमालकिणीची भूमिका, तीन प्रवेश. इंग्रजीतून पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहिले. तिसऱ्या प्रवेशात माझ्या एका वाक्यावर प्रेक्षक इतके शांत झाले की एसीचा आवाज ऐकू आला. अशी शांतता आयुष्यात दोन-तीनदाच मिळते.

तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. शंतनूची.

प्रयोग संपल्यावर चाळीस मिनिटांनी आला. शर्ट घामाने भिजलेला, नोव्हेंबरात. "ट्रॅफिक होतं," म्हणाला. दहा मिनिटांचा रस्ता, मॅटिनीचा प्रयोग, कुठलं ट्रॅफिक? मी मेकअप पुसत होते, मान वर केली नाही.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

चार दिवस बोलले नाही. आज तो आपण होऊन म्हणाला, "मी आन्याच्या शाळेबाहेर थांबलो होतो."

"कुठल्या शाळेबाहेर?"

"तिच्या हायस्कूलच्या. तिथेच प्रोग्रॅम असतात ना." मग माझ्याकडे बघून, "असायचे."

मी म्हटलं, "माझं कॉलेज कुठे आहे हे दीड वर्षात तुला माहीत नाही?"

याहून कडू मी त्याला कधी काही बोललेली नाही. लिहून ठेवते आहे, कारण बोलले ते बरोबरच होतं.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

आन्या सुट्टीला आली आहे. आज मला गॅरेजमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "आई, समथिंग इज ऑफ विथ बाबा."

"चिडलाय माझ्यावर. दीड वर्ष चिडलाय."

"ही इज नॉट ॲंग्री, आई. ही इज स्केअर्ड."

तिला म्हटलं, तू वर्षातून दहा दिवस येतेस, तुला काय कळणार. मुलीचे डोळे भरले. मग म्हणाली, सकाळी वॉकला गेलो तर बाबा आपल्याच घरापुढून सरळ पुढे चालत गेले. दोनदा.

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

आन्याने फोनवरून हट्ट करून न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली होती. मी विचार करून गेले होते की बी-ट्वेल्व्ह कमी असेल, झोप नीट नसेल.

डॉक्टरबाईंनी स्क्रीन वळवली आणि म्हणाल्या, "मिस्टर कर्णिक, मागच्या भेटीशी तुलना करू या."

मी म्हटलं, "मागची भेट? आम्ही पहिल्यांदाच आलोय."

त्यांनी शंतनूकडे पाहिलं. शंतनूने माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनवर तारीख होती. ९ मे २०२३.

पुढचं सगळं मी ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाविषयी चाललंय असं वाटत होतं. अर्ली ऑनसेट अल्झायमर. चौपन्नाव्या वर्षी. गोळ्यांनी वेग कमी होतो, मागे जाता येत नाही. गाडी आजपासून बंद.

घरी येताना मी ड्राइव्ह करत होते. अर्ध्या वाटेत विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू कॉलेजला गेली असतीस?"

मी गाडी कुणाच्या तरी ड्राइव्हवेमध्ये थांबवली.

"मला वाटलं, तुझे चौसष्ट होईपर्यंत मी धरून ठेवीन," तो म्हणाला. "थोडंसंच कमी पडलं."

मग त्या वहीचं, त्या डब्याचं, त्या रिकाम्या खुर्चीचं सगळं एकदम अंगावर आलं. "तुला माहीत नाही?" असं विचारलं होतं मी त्याला. इतक्या खात्रीने विचारलं होतं.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाची ऑडिशन द्यायची नाही, असं ठरवलं होतं. शंतनू ऐकेना. रोज सकाळी पाठांतराला समोर बसायचा, माझे संवाद हातात धरून. ओळ कुठे आहे ते त्याला सापडायचं नाही, पण मी अडले की अचूक कळायचं. "इथे तू खोटं बोललीस," म्हणायचा. आणि तिथे मी खरंच खोटं बोललेली असायचे.

आज दिली. तीन परीक्षक. दोन स्वगतं, एक त्यांनी दिलेलं, एक मी लिहिलेलं. माझं होतं एका बाईचं. ती नवऱ्याशी चार दिवस बोलत नाही. मध्येच मला रडू आलं आणि मी ते आवरलं. बाहेर आल्यावर वाटलं, आवरायला नको होतं. मग वाटलं, नाही, तेच बरोबर होतं.

९ मे २०२५, शुक्रवार

ॲडमिशन मिळाली. चौसष्टपैकी चौसष्ट धरले, एकही क्रेडिट गेलं नाही. मिसेस ऑर्टेगा फोनवर ओरडल्याच. शंतनूने पत्र तीन वेळा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्याला तितकाच आनंद झाला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तिन्ही वेळा पेढा भरवला.

१९ जून २०२५, गुरुवार

काल युनिव्हर्सिटीत ओरिएंटेशन होतं, सकाळी नऊ ते दोन. सीमा आमच्या घरी येऊन बसली होती. तिने शंतनूला जेवायला वाढलं, मग तो आडवा झाला, म्हणून ती कपडे ड्रायरमध्ये टाकायला गेली. चार मिनिटं, ती म्हणते. मागचं दार उघडं.

मला फोन आला तेव्हा आम्ही मोठ्या थिएटरच्या स्टेजवर उभे होतो, खाली एक हजार खुर्च्या. सीमा एवढंच म्हणाली, "शंतनू घरात नाहीत."

एकशे बारा डिग्री. अनवाणी. सव्वा मैल चालला. एका पोस्टमनने गाडी थांबवून त्याला आत घेतलं, पायांवर पाणी ओतलं. पोलिसांना त्याने सांगितलं, "माय वाइफ्स क्लास इज ओव्हर. आय हॅव टू पिक हर अप." कम्युनिटी कॉलेजच्याच रस्त्याला होता. रस्ता अजिबात चुकला नव्हता.

दोन्ही तळवे भाजलेत. हॉस्पिटलात आहे. मी गेले तर म्हणाला, "उशीर झाला का गं मला?"

सीमा कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. तिला धीर द्यायला हवा होता, दिला नाही. नुसती बसले.

२ जुलै २०२५, बुधवार

ड्रेसिंग रोज दोनदा. तो ओरडत नाही, माझं मनगट धरतो. हिरव्या खुणा पडल्यात.

सीमा दारात डबा ठेवून जाते, बेल वाजवत नाही. आज मी धावत जाऊन तिला गाठलं. "अगं, माझ्या हातूनही झालं असतं," म्हटलं. "नीलाताई, पण माझ्या हातून झालं," ती म्हणाली. मग आम्ही दोघी ड्राइव्हवेमध्येच, भर उन्हात, रडलो.

९ जुलै २०२५, बुधवार

मिसेस ऑर्टेगांकडे गेले. आता त्यांचा माझा संबंध नाही, तरी गेले. आन्या म्हणते, नोकरी सोडून येते. मी नको म्हटलं. दिवसभराची केअरगिव्हर ठेवून पाहिली. तो तिला घरात येऊ देत नाही, माझ्या नावाने हाका मारत भिंत धरून घरभर फिरतो.

"एक वर्ष पुढे ढकलता येतं," त्या म्हणाल्या. "फक्त एकदाच."

त्यांच्याच टेबलाशी बसून युनिव्हर्सिटीला ईमेल लिहिलं. त्यांनी स्पेलिंग तपासलं. पाठवायचं बटण दाबायला मला जमेना, तेव्हा त्या खिडकीकडे वळल्या. मग मी दाबलं.

एक वर्ष काही फार नाही. तोवर पाय पूर्ण बरे होतील, गोळ्या लागू पडतील, केअरगिव्हरची सवय होईल. पुढच्या ऑगस्टपर्यंत तो थोडा स्थिरावला की मी जाईन. डॉक्टरबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "लेट्स टेक इट वन मंथ ॲट अ टाइम." म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत.

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

युनिव्हर्सिटीचा पहिला दिवस होता. मी दोडक्याची भाजी केली.

पाचच्या सुमाराला चहा घेताना शंतनूने विचारलं, "आज पहिला दिवस ना? कसा झाला वर्ग?"

बाकी काही लक्षात राहत नाही, आणि ही तारीख राहिली.

मी खरं सांगितलं. या वर्षी जात नाहीये, पुढच्या वर्षी जाणार. तो मग म्हणाला, "माझ्यामुळे." मी नाही नाही म्हणत राहिले. त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

चहा. "कसा झाला वर्ग?"

कालचं काहीच आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी हळुवार, शब्द निवडून. पुन्हा तेच. पहिल्यांदा कळल्यासारखं. तितकंच.

मी हे त्याला रोज करू शकत नाही.

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज "छान झाला" म्हटलं. तेवढ्याने भागलं नाही. "काय शिकवलं?" मी काहीतरी पुटपुटले, चालण्याचा व्यायाम होता, प्रत्येकाचं चालणं वेगळं असतं वगैरे. "दाखव ना," म्हणाला.

मी उठले. म्हातारी चालते तसं स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवलं. मग घाईतली बाई. मग पोस्टमन. तो हसला. जूनपासून पहिल्यांदा.

आन्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू आर लाइंग टू हिम." मी म्हटलं, हो. ती मग म्हणाली, "काय घातलं होतंस?" म्हटलं, गाऊन. "उद्या जीन्स घाल," म्हणाली.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

अभ्यासक्रम वेबसाइटवर आहे, आठवड्यांप्रमाणे. मी तोच धरून चालते, म्हणजे फार खोटं होत नाही. दुपारी तो पडला की वाचून ठेवते. चारला केस विंचरते, जीन्स घालते.

आज सांगितलं की वाट बघण्याचा व्यायाम होता. बस स्टॉपच्या बाकावर दोघांनी बसायचं, एक शब्द बोलायचा नाही, आणि बस येणार नाही हे फक्त एकालाच माहीत असतं.

"कुणाला माहीत होतं?"

"टुसॉनहून आलेली एक मुलगी आहे. तिला."

"आणि तुला नाही?"

"नाही. मी आपली रस्त्याकडे बघत बसले. पर्स नीट केली. घड्याळ पाहिलं."

"तिने सांगितलं नाही तुला?"

"बोलायचंच नव्हतं ना."

त्याने मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. पाय अजून पूर्ण टेकवत नाही, म्हणून वेळ लागला. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. तो मधूनमधून उजवीकडे मान वळवून बघत होता, बस दिसते का म्हणून. इतकं खरं बघत होता की मीही एकदा पाहिलं.

"सर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"छान म्हणाले."

"म्हणणारच." थोड्या वेळाने, "उद्या काय आहे?"

"उद्या आवाजाचा वर्ग."

आवाजाच्या वर्गात काय करतात ते उद्या पाचच्या आत ठरवायला हवं.